आजाऱ्याच्या खाटेकडे जाताना: तेलाची डबी आणि पाथेयाचे पात्र

प्रिय धाकट्या बंधूस,

ख्रिस्तात सप्रेम नमस्कार.

गुरुदीक्षेनंतर आजाऱ्यांच्या बोलावण्यांना जाण्याचे काम तुझ्याकडे आल्याचे तुझ्या पत्रातून कळले, आणि त्यासोबत तू विचारलेला प्रश्न वाचून मनापासून समाधान वाटले. मरणाच्या वाटेवर असलेल्या माणसाकडे जाताना कोणती पात्रे आणि कोणती तेले सोबत न्यावीत, ती कशी सांभाळावीत आणि कशी वापरावीत, असे तू विचारले आहेस. सेमिनरीत या गोष्टी थोडक्यात उरकल्या जातात, कारण ईशज्ञानाच्या मोठ्या प्रश्नांपुढे तेलाची डबी ही किरकोळ बाब वाटते. मला ती कधीच किरकोळ वाटली नाही. खाटेशी पोहोचल्यावर डबीचे झाकण फिरेना, कापूस कोरडा निघाला किंवा पिक्स, म्हणजे ख्रिस्तप्रसाद नेण्याची छोटी डबी, कुठे ठेवली ते आठवेना, तर धर्मगुरूचे सारे लक्ष वस्तूंकडे जाते आणि ज्याच्यासाठी आपण आलो तो माणूस तेवढा वेळ एकटा पडतो. पात्रांची काळजी सॅक्रिस्टीत, म्हणजे चर्चमधील पूजासाहित्याच्या खोलीत, आधीच, सवडीने घेऊन ठेवली, तर खाटेजवळ त्यांच्याकडे बघावेही लागत नाही, आणि डोळे आजाऱ्याच्या चेहऱ्यावर राहतात.

तपशिलाकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण पुढचे सारे तिच्यावरच उभे आहे. घरचे लोक बोलावतात तेव्हा बहुधा ‘फादर, तेल लावायला या’ असेच म्हणतात. तेल म्हणजे शेवट, ही समजूत इतकी खोल रुजली आहे की धर्मगुरू दारात दिसताच आजाऱ्याचा चेहरा पडतो, आणि नातेवाईक तर डॉक्टरांनी हात टेकेपर्यंत बोलावणे लांबवतात. प्रत्यक्षात मरणाऱ्यांचा संस्कार म्हणून चर्च ज्याच्याकडे बोट दाखवते ते तेल नव्हे, तर पाथेय, म्हणजे या जगातून निघताना शिदोरी म्हणून दिलेला ख्रिस्तप्रसाद (मिस्सेत पवित्र केलेली भाकर) आहे. इ. स. ३२५ च्या निसिया विश्वपरिषदेच्या तेराव्या नियमात, जो मरणाच्या दारी आहे त्याला या शेवटच्या आणि अत्यंत आवश्यक पाथेयापासून वंचित ठेवू नये, असे सांगितले आहे, आणि तेथेही ही पूर्वापार चालत आलेली रीत असल्याचे म्हटले आहे. तेलाचे स्थान त्याच्या आधी आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये उपासनेविषयीच्या संविधानात स्पष्ट केले की रुग्णाभ्यंग, म्हणजे आजाऱ्याला पवित्र तेल लावणे, हा केवळ अखेरच्या घटकेला पोहोचलेल्यांचा संस्कार नाही. आजारपणामुळे किंवा वार्धक्यामुळे जिवाला धोका निर्माण होऊ लागला की त्याची योग्य वेळ आलेलीच असते. धर्मसंहितेतील, म्हणजे चर्चच्या कायदेसंहितेतील, १००४ वा नियमही धोका ‘सुरू होणे’ एवढीच अट घालतो आणि प्रकृती सुधारून पुन्हा बिघडली किंवा त्याच आजारात स्थिती अधिक गंभीर झाली, तर संस्कार पुन्हा देण्याची मोकळीक देतो. म्हणून तुझ्या बॅगेतल्या दोन डब्यांची कामे वेगळी आहेत: एक आजारपणाच्या वाटेवर आधार देण्यासाठी आणि दुसरी निघण्याच्या वेळी हाती शिदोरी देण्यासाठी. हा फरक तुझ्या मनात पक्का असेल, तरच तो तुझ्या वागण्यातून लोकांपर्यंत पोहोचेल.

याचा सर्वांत महत्त्वाचा व्यावहारिक परिणाम घाईच्या प्रसंगी दिसतो. वेळ हाताशी असेल तर क्रम सरळ आहे: आधी प्रायश्चित्त संस्कार, मग अभ्यंग आणि शेवटी पाथेय. परंतु श्वास मोजायची वेळ आली असेल आणि सर्व काही करण्याइतका अवकाश उरला नसेल, तर रुग्णसेवेच्या विधिग्रंथाच्या प्रस्तावनेतील सूचना फार नेमकी आहे. आजाऱ्याला निदान थोडक्यात पापनिवेदन करू द्यावे, मग लगेच पाथेय द्यावे, आणि त्यानंतर वेळ उरल्यास तेल लावावे. आजारपणामुळे ज्याला ख्रिस्तप्रसाद घेताच येत नाही, त्याला मात्र अभ्यंग करावा. अनेक धर्मगुरू घाईत पहिल्यांदा तेलाच्या डबीकडे हात नेतात, कारण घरच्यांनी तेच मागितलेले असते आणि तेल लावणे सोपेही असते. तू तसे करू नयेस, अशी माझी कळकळीची विनंती आहे. जो अजून गिळू शकतो त्याला ख्रिस्तशरीर न देता केवळ तेल लावून परतणे म्हणजे ज्याचा त्याला हक्क होता तेच त्याला न देणे होय. ९२२ व्या नियमानुसार पाथेय फार लांबणीवर टाकायचे नसते आणि आजारी माणूस पूर्ण शुद्धीत असतानाच ते त्याला मिळेल याकडे आपण डोळ्यांत तेल घालून लक्ष द्यायचे असते. त्याने त्याच दिवशी सकाळी ख्रिस्तप्रसाद घेतलेला असला तरी अडचण नाही. जिवाला धोका असेल तर तो पुन्हा घ्यावा, असेच चर्च आग्रहाने सुचवते, आणि धोका कायम असेपर्यंत वेगवेगळ्या दिवशी तो वारंवार देता येतो.

आता पिक्सविषयी. ही तळहातात मावणारी, घट्ट झाकणाची गोल डबी असते, आणि तिच्यात ख्रिस्तप्रसाद ठेवायचा असल्यामुळे चषकाला आणि ख्रिस्तप्रसादाच्या इतर पात्रांना लागू असलेले नियम तिलाही लागू होतात. गंज धरणाऱ्या किंवा सोन्याहून हलक्या धातूची असेल तर आतून सोन्याचा मुलामा हवा. काच, माती किंवा सहज फुटणारे कोणतेही साहित्य ख्रिस्तप्रसादाच्या पात्रांसाठी वापरू नये, असे २००४ च्या ‘रेदेंप्सियोनिस साक्रामेंतुम’ या निर्देशपत्रात स्पष्ट सांगितले आहे. डबी घेताना मी नेहमी दोन गोष्टी पाहतो. झाकण एका हाताने उघडता यावे, कारण दुसरा हात अनेकदा आजाऱ्याच्या हातात असतो. आणि बिजागरी इतकी घट्ट असावी की पिशवीत डबी आडवी झाली तरी ती आपोआप उघडू नये. आतला मुलामा घासून निघाला असेल तर डबी पुन्हा मुलामा देण्यासाठी पाठवावी आणि तोवर ती वापरू नये.

पिक्स गळ्यात अडकवायच्या छोट्या पिशवीत ठेवावी, आणि पिशवी अंगरख्याच्या आत, छातीशी असावी. किल्ल्या, मोबाइल आणि सुटे पैसे ज्या खिशात असतात त्या खिशात ती जाता कामा नये. टॅबरनॅकलमधून, म्हणजे चर्चमध्ये ख्रिस्तप्रसाद ठेवायच्या पेटीतून, तो घेतल्यापासून तो आजाऱ्याच्या ओठांपर्यंत पोहोचेपर्यंत मध्ये दुसरे कोणतेही काम नसावे, हेही त्याच निर्देशपत्रात शक्य तितके सरळ आजाऱ्याकडे जावे अशा शब्दांत सांगितले आहे. वाटेत कोणाला भेटणे, एखादा कागद देऊन येणे, आणखी एखादे काम हातासरशी उरकणे, हे सारे परतीच्या वाटेवर करता येते. इ. स. १५५ च्या सुमारास संत जस्टिन यांनी लिहिले आहे की जे उपासनेला हजर राहू शकत नाहीत, त्यांच्याकडे डीकन, म्हणजे धर्मगुरूच्या खालच्या पायरीवरचे दीक्षित सेवक, ख्रिस्तप्रसाद घेऊन जात. आपण चालत आहोत ती वाट इतकी जुनी आहे, हे आठवले की पावलांना आपोआप शिस्त लागते.

खाटेजवळ पोहोचल्यावर एखादे छोटे टेबल किंवा स्टूल पुसून घ्यावे, त्यावर कॉर्पोरल पसरावे आणि पिक्स त्यावरच ठेवावी. औषधांच्या बाटल्या आणि तोंड पुसायचे रुमाल यांच्या गर्दीत ती टेकवू नये. हे मी शिष्टाचार म्हणून सांगत नाही. त्या पांढऱ्या कापडाच्या चौकोनामुळे खोलीतल्या सगळ्यांना, कधीकधी विश्वास नसलेल्या शेजाऱ्यालाही, येथे काय घडणार आहे याची जाणीव होते आणि आवाज आपोआप खाली येतात.

ज्याला गिळणे जड जाते त्याला ख्रिस्तप्रसाद कसा द्यावा, हे प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय नीट कळत नाही, तरी लिहितो. आधी शुश्रूषा करणाऱ्याला विचार की आजारी माणूस पाणी घेऊ शकतो का आणि घेताना ठसका लागतो का. डोके थोडे उंच करू दे. मग ख्रिस्तप्रसादाचा अगदी लहानसा कण, तांदळाच्या दाण्याएवढा, मोडून घे. संपूर्ण ख्रिस्त त्या कणातही आहे, म्हणून आकाराबद्दल मनात किंतू बाळगू नकोस. तो कण जिभेच्या टोकावर न ठेवता थोडा मागे ठेव आणि चमच्याने थोडेसे पाणी दे. मग थांब. घशाची हालचाल दिसेपर्यंत पुढची प्रार्थना सुरू करू नकोस, कारण कण टाळूला चिकटून राहिलेला असतो आणि आजाऱ्याला ते सांगता येत नाही. शक्य झाल्यास त्याच चमच्याने आणखी थोडे पाणी दे. कण तोंडातून बाहेर आलाच, तर घाबरून जाऊ नये. स्वच्छ कापडात तो घ्यावा, चर्चमध्ये आणून पाण्यात पूर्ण विरघळू द्यावा आणि मग ज्या कुंडातले पाणी थेट जमिनीत जाते त्या सॅक्रॅरियममध्ये ते ओतावे. घन पदार्थ मुळीच घेता येत नसेल तर ९२५ व्या नियमानुसार केवळ द्राक्षारसाच्या रूपातही ख्रिस्तप्रसाद देता येतो, परंतु त्यासाठी सांडण्याचा कोणताही धोका राहणार नाही असे घट्ट बंद होणारे पात्र हवे, उरलेले ख्रिस्तरक्त तूच प्राशन करायला हवे आणि पात्राचे शुद्धीकरण व्हायला हवे. आजारी माणूस आणि त्याची शुश्रूषा करणारे यांना ख्रिस्तप्रसादापूर्वीच्या एक तासाच्या उपवासाचे बंधन नाही, हेही त्यांना आधीच सांग. अनेक घरांमध्ये आजाऱ्याला औषध आणि पाणी देणे उगाच थांबवलेले असते.

पाथेय देताना नेहमीच्या शब्दांनंतर, प्रभू येशू ख्रिस्त तुझे रक्षण करो आणि तुला सार्वकालिक जीवनाकडे नेवो, या अर्थाचे शब्द जोडले जातात. ते घाईत पुटपुटू नकोस, कारण नेहमीच्या ख्रिस्तप्रसादाहून पाथेयाचे वेगळेपण त्या एका वाक्यात आहे.

आता तेलांकडे येतो. पवित्र गुरुवारी सकाळी, किंवा सोयीसाठी ईस्टरच्या जवळच्या दुसऱ्या एखाद्या दिवशी, बिशप आपल्या धर्मगुरूंसह क्रिझ्म मिस्सा अर्पण करतात आणि तीन तेले सिद्ध होतात. आजाऱ्यांचे तेल आणि दीक्षार्थींचे तेल यांना आशीर्वाद दिला जातो, तर सुगंधी द्रव्य मिसळलेल्या क्रिझ्मचे पवित्रीकरण होते आणि त्या वेळी बिशप त्यावर फुंकर घालतात. रुग्णाभ्यंगासाठी केवळ आजाऱ्यांचे तेल चालते. डब्यांवर लॅटिन नावांची आद्याक्षरे कोरलेली असतात, आजाऱ्यांच्या तेलासाठी ओ. आय. आणि क्रिझ्मसाठी एस. सी. अशी, पण वर्षानुवर्षांच्या वापराने ती पुसट होतात आणि एकमेकांवर बसणाऱ्या तीन कप्प्यांच्या डबीत तर कप्प्यांची अदलाबदल सहज होते. म्हणून अक्षरांवर विसंबून न राहता वासही घेऊन पाहावा. क्रिझ्मला सुगंध असतो, आजाऱ्यांच्या तेलाला तो नसतो. अक्षरे पुसट झाली असतील तर ती पुन्हा कोरून घ्यावीत. कागदाची चिठ्ठी चिकटवली तर ती तेलाने सुटते.

तेल ऑलिव्हचेच असावे, असा पूर्वी दंडक होता. पोप सहावे पौल यांनी ३० नोव्हेंबर १९७२ च्या प्रेषितीय संविधानाने हा संस्कार नव्याने मांडला, तेव्हा ऑलिव्ह मिळत नसेल किंवा मिळणे कठीण असेल तेथे वनस्पतीपासून काढलेले दुसरे तेल वापरण्याची मुभा दिली. खनिज तेलाला ही मुभा लागू नाही, आणि बाळांच्या अंगाला लावायच्या पुष्कळशा तेलांत खनिज तेलच असते. त्यामुळे गरजेच्या वेळी घरात जे हाताला लागेल ते चालेल, असे समजू नकोस.

या डबीच्या आत काय असते ते बारकाईने पाहा, कारण दुर्लक्ष होते ते येथेच. आत तेलात भिजलेला कापूस असतो, जेणेकरून तेल सांडू नये आणि अंगठ्याला बेताने लागावे. १६१४ च्या रोमन विधिग्रंथातही कापूस वापरण्याची आणि डबी जांभळ्या रेशमी पिशवीत नेण्याची सूचना होती, आणि १९१७ च्या धर्मसंहितेत हे तेल चांदीच्या किंवा कथलाच्या पात्रात ठेवावे असे म्हटले होते. जुन्या लोकांनी धातू विचारपूर्वक निवडला होता, असे मला वाटते. तांबे आणि पितळ यांच्या संपर्काने तेल लवकर खवट होते आणि कडांना हिरवट थर धरतो. तुझी डबी पितळेची असेल तर आतला मुलामा शाबूत आहे की नाही ते पाहा, किंवा आत काचेची छोटी वाटी बसणारी डबी घे. ख्रिस्तप्रसादाच्या पात्रांना असलेली काचेची मनाई तेलाच्या डबीला लागू नाही. झाकणाचे आटे महिन्यातून एकदा कोरड्या कापडाने पुसून घे, नाहीतर सुकलेल्या तेलाने ते चिकटतात. मोटारीत, उन्हात डबी ठेवू नकोस. उष्णतेने तेल पातळ होऊन आट्यांतून झिरपते आणि लवकर बिघडतेही. आणि कापूस दाबून पाहा. बोटाने हलके दाबल्यावर तेल वर आले पाहिजे. डबी उघडल्यावर कापूस पिवळा, घट्ट गोळा झालेला आणि आंबूस वासाचा निघावा, ही आपल्या सेवेला न शोभणारी गोष्ट आहे, आणि दुर्दैवाने ती दुर्मीळ नाही.

संस्कार देताना आधी आजाऱ्याच्या मस्तकावर शांतपणे, एक शब्दही न बोलता हात ठेवायचे असतात. संत याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात मंडळीच्या वडिलांना बोलावून आजाऱ्यावर प्रार्थना करण्याची आणि प्रभूच्या नावाने तेल लावण्याची जी आज्ञा आहे, तिच्यापर्यंत जाणारी ही कृती आहे, म्हणून ती उरकून टाकू नकोस. त्यानंतर बिशपांनी आधीच आशीर्वाद दिलेल्या तेलाबद्दल देवाचे आभार मानणारी प्रार्थना म्हणावी आणि अंगठा कापसावर नीट दाबून कपाळावर व मग दोन्ही हातांवर तेल लावावे. सूत्राचा पहिला भाग, ज्यात या पवित्र अभ्यंगाद्वारे प्रभूने पवित्र आत्म्याच्या कृपेने साहाय्य करावे अशी विनवणी आहे, तो कपाळाच्या वेळी म्हणतात, आणि पापांतून मुक्त करणाऱ्या प्रभूने तुझे तारण करावे व तुला उभे करावे हा दुसरा भाग हातांच्या वेळी. १९७२ पूर्वी डोळे, कान, नाक, ओठ, हात आणि पाय असे अनेक ठिकाणी तेल लावले जाई. आता विधी आटोपशीर झाला आहे, पण म्हणून तेलही आटवू नये. कपाळावर तेल दिसले पाहिजे आणि आजाऱ्याला ते जाणवले पाहिजे. लावल्याबरोबर ते पुसूनही टाकू नकोस. कपाळावर पट्टी बांधलेली असेल किंवा हात सुया-नळ्यांत गुंतलेले असतील, तर १००० व्या नियमाप्रमाणे गरजेच्या वेळी संपूर्ण सूत्र म्हणून शरीराच्या एकाच भागावर केलेला अभ्यंग पुरेसा होतो.

याच नियमात असेही म्हटले आहे की धर्मगुरूने स्वतःच्या हाताने तेल लावावे, मात्र गंभीर कारण असल्यास साधन वापरता येते. संसर्गाच्या कक्षात जाताना हे फार उपयोगी पडते. अशा वेळी मुख्य डबी आत नेऊच नकोस. तिच्यातला तेलात भिजलेला कापसाचा बोळा एका छोट्या स्वच्छ डबीत काढून घे, रुग्णालयाने सांगितलेले हातमोजे आणि मुखपट्टी वापर, आणि आजाऱ्याला स्पर्श केलेले बोट किंवा काडी पुन्हा तेलात बुडवू नकोस. वापरलेला कापूस जाळून टाकायचा असतो. मात्र संसर्गाच्या कक्षातून काही बाहेर नेण्याची परवानगी नसेल तर तेथील नियम पाळ आणि तो तेथेच जाळल्या जाणाऱ्या कचऱ्यात जाईल असे पाहा. परिचारिकांशी वाद घालणारा धर्मगुरू त्या कक्षात दुसऱ्यांदा बोलावला जात नाही, आणि त्याची किंमत पुढच्या आजाऱ्याला मोजावी लागते.

तेल सोबत नसताना प्रसंग ओढवला, तरी हात बांधलेले नाहीत. ९९९ वा नियम गरजेच्या वेळी कोणत्याही धर्मगुरूला तेलाला आशीर्वाद देण्याचा अधिकार देतो, परंतु तो केवळ प्रत्यक्ष संस्कार देतानाच. भविष्यासाठी साठा करून ठेवण्याकरता तो नाही. घरच्यांकडून एका स्वच्छ वाटीत थोडेसे वनस्पती तेल घे, विधीतील आशीर्वादाची प्रार्थना म्हण, आणि जे उरेल ते कापसात टिपून जाळून टाक. ते तेल घरात जपून ठेवायचा आग्रह लोक धरतात. प्रेमाने, पण ठामपणे नकार दे, कारण नंतर तेच तेल कोणीतरी श्रद्धेने आजाऱ्याला लावते आणि संस्कार झाला असे समजते. रुग्णाभ्यंग फक्त बिशप आणि धर्मगुरूच देऊ शकतात, डीकन किंवा प्रापंचिक नव्हे, हे व्हॅटिकनच्या श्रद्धा सिद्धान्त मंडळाने २००५ मध्ये पुन्हा स्पष्ट केले आहे. याउलट, धर्मगुरू उपलब्ध नसेल तर पाथेय डीकन किंवा ख्रिस्तप्रसादाचा असाधारण सेवकही (तो देण्यासाठी नेमलेला प्रापंचिक) देऊ शकतो. तुझ्या धर्मग्रामातील सेवकांना ही गोष्ट नीट समजावून सांग. रात्रीअपरात्री तू दुसरीकडे असशील तेव्हा एखाद्याची शिदोरी त्यांच्या हातून पोहोचणार आहे.

क्रिझ्म सोबत का न्यावे, असे तुला वाटेल. मरणाच्या धोक्यात असलेल्या, दृढीकरण (बाप्तिस्म्याला बळकटी देणारा संस्कार) न झालेल्या माणसाला ८८३ व्या नियमानुसार कोणताही धर्मगुरू दृढीकरण देऊ शकतो, आणि त्यासाठी क्रिझ्म लागते. असा प्रसंग वाटतो त्यापेक्षा अधिक वेळा येतो. त्या वेळी दोन तेलांची गल्लत होऊ नये म्हणूनच मी दोन स्वतंत्र डब्या वापरण्याच्या मताचा आहे.

उरलेल्या वस्तूंविषयी थोडक्यात सांगतो. पांढरा स्टोल (धर्मगुरूने गळ्यात घालायचा पट्टा), विधिग्रंथ, पवित्र पाण्याची छोटी बाटली आणि एक क्रूस एवढे पुरे आहे. क्रूस आजाऱ्याच्या हाती देता येईल किंवा नजरेसमोर धरता येईल इतका मोठा असावा. मेणबत्ती जरूर ने, पण प्राणवायू सुरू असलेल्या खोलीत ती कधीही पेटवू नकोस. हा जिवाचा प्रश्न आहे. पापक्षमेनंतर प्रेषितीय क्षमा द्यायला विसरू नकोस. मरणघटकेला पूर्ण दंडमुक्ती देणाऱ्या या आशीर्वादाचा अधिकार पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी १७४७ मध्ये व्यापक केला, आणि आज प्रत्येक धर्मगुरूला तो देता येतो. तिला ना तेल लागते ना पात्र, बहुधा म्हणूनच ती विसरली जाते. विधिग्रंथात त्या पानावर खूण घालून ठेव.

तू पोहोचण्याआधीच प्राण गेला असेल, तर तेलाची डबी बाहेर काढू नये. संस्कार जिवंतांसाठी असतात. मृतासाठी प्रार्थना असते, आणि ती तू पूर्ण मनाने म्हणावीस. परंतु मृत्यू खरोखर झाला आहे की नाही याची शंका असेल, तर १००५ वा नियम तुला अभ्यंग देण्यास सांगतो. नातेवाइकांच्या समाधानासाठी मृतदेहाला तेल लावण्याचा आग्रह होईल, आणि ते दुःख पाहून नकार देणे फार अवघड असते. अशा वेळी नियम समजावत बसण्याऐवजी विधीतील मृतासाठीची प्रार्थना मोठ्याने सुरू कर आणि त्यांना उत्तरे द्यायला लाव. बेशुद्ध असलेल्याला मात्र निःसंकोच तेल लाव. शुद्धीत असताना त्याने निदान अप्रत्यक्षपणे तरी हा संस्कार मागितला असता, असे मानायला जागा असली की पुरते. त्याला ऐकू येत आहे असे धरूनच त्याच्याशी बोल.

परत आल्यावर थकवा असतो आणि बॅग तशीच कोपऱ्यात ठेवावीशी वाटते. तसे करू नकोस. पिक्समध्ये ख्रिस्तप्रसाद उरला असेल तर तो लगेच टॅबरनॅकलमध्ये ठेव. रिकामी पिक्सही कणांपासून मुक्त नसते. तिच्यात पाणी घालून फिरव, ते प्राशन कर आणि प्युरिफिकेटरने, म्हणजे पात्रे पुसायच्या कापडाने, पुसून घे. कॉर्पोरल घडी घालताना चारही बाजू आतल्या बाजूला येतील असे पाहा. तेलाची डबी तिच्या ठरलेल्या जागी, कुलूपबंद कपाटात ठेव. ८४७ वा नियम प्रमुख धर्मगुरूवर दोन जबाबदाऱ्या टाकतो, ही तेले आपल्या बिशपांकडून मिळवण्याची आणि ती शोभेल अशा रीतीने काळजीपूर्वक जपण्याची. प्रमुख धर्मगुरू कामात असतील तर हे काम आपणहून अंगावर घे.

दरवर्षी नवी तेले येताच जुन्या डब्या पूर्ण रिकाम्या कराव्यात, कापूस काढून जाळावा, डबी गरम पाण्याने धुऊन ते पाणी सॅक्रॅरियममध्ये ओतावे, ती पूर्ण कोरडी करावी आणि नव्या कापसावर नवे तेल घालावे. जुन्यात नवे मिसळू नये, नाहीतर खवटपणा नव्या तेलातही उतरतो. शिल्लक राहिलेले जुने तेलही जाळून टाकावे. ते चांगले असेल तर टॅबरनॅकलजवळच्या दिव्यात जाळण्याचीही जुनी रीत आहे आणि मला ती आवडते. वर्षभरात तेल संपत आले तर ईस्टरची वाट पाहत बसू नकोस, धर्मप्रांताच्या कार्यालयाकडून आणखी मागवून घे.

तुझ्या सॅक्रिस्टीतल्या डब्या एकदा उघडून पाहा आणि धातू कोणता आहे, मुलामा कितपत टिकला आहे आणि अक्षरे वाचता येतात का, ते मला कळव. पितळेची डबी निघाली, तर काचेची आतली वाटी कशी बसवून घ्यायची ते पुढच्या पत्रात लिहीन.

तुझा थोरला बंधू